तोंड रंगवणे

‘तोंड रंगवणे’ ह्या शब्दप्रयोगाला आपल्या भाषेत निदान तीन अर्थ आहेत. जेवण झाल्यावर विडा खाऊन माणूस आपले तोंड रंगवतो. रागाच्या भरात दुसऱ्याचे रंगवतो. आणि नाटकाच्या दिवशी रंगपटात बसून तिसऱ्याकडून ते रंगवून घेतो. ह्यांपैकी दुसऱ्या प्रकाराचा लाभ मला गणिताच्या गुरुजींच्या कृपेने लहानपणी विपुल झाला. पहिल्याचा पुढे लग्नकार्यांतून झाला. तिसऱ्याचा मात्र आयुष्यात एकदाच झाला, आणि तोही वानर म्हणून.

१९७८ साली मी तिसरीत होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘सेतुबंधन’ नावाची नाटिका बसवली होती. मारुतीचे काम चौथीतल्या एका धष्टपुष्ट मुलाकडे गेले आणि उरलेले आम्ही बावीसजण वानरसेनेत भरती झालो. आम्हाला रंगवण्याचे काम चित्रकलेच्या मास्तरांकडे होते. त्यांच्यापुढे तीन वाट्या मांडलेल्या असत. एकीत खोबरेल तेलात कालवलेला शेंदूर, दुसरीत पिवडी आणि तिसरीत दिव्यावर धरलेली काजळी. कुंचला फक्त मारुतीसाठी. आम्हा वानरांसाठी जुन्या धोतराच्या फडक्याचा एक बोळा होता. मास्तर डाव्या हाताने हनुवटी वर करीत, ‘डोळे मीट’ म्हणत, आणि बोळा वाटीत बुडवून कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवीत. एक वानर उठला की दुसरा बसे, बोळा तोच. माझ्या पुढच्या वानराचे डोळे त्या दिवशी सकाळपासून चिकटत होते, हे मला अजून आठवते. कारण तो ते सारखे चोळत होता आणि मास्तर त्याला ‘रंग बिघडतो’ म्हणून रागावत होते.

नाटिका उत्तम झाली. समुद्रावर सेतू बांधून झाला. चौथ्या दिवशी निम्म्या वानरसेनेचे डोळे आले, आणि तिघाचौघांच्या तोंडाभोवती पाझरणाऱ्या पुळ्या उठल्या. माझे डोळे सकाळी उघडेनात तेव्हा आजीने कोमट पाण्याच्या बोळ्याने ते सोडवले आणि निदान केले की, पारोशाने शेंदूर लावून घेतल्यामुळे मारुतीराय कोपले. त्या वेळी मला ते पूर्णपणे पटले. कारण त्या दिवशी मी खरोखरच आंघोळीला बुट्टी मारली होती. पुढे कॉलेजात चार पुस्तके वाचल्यावर आजीच्या निदानाला मी हसू लागलो. आता पन्नाशी उलटल्यावर मला वाटते की, ती अगदीच चुकली नव्हती. पारोसेपणाचा ह्या प्रकरणाशी संबंध होताच. फक्त तो मारुतीशी नसून फडक्याशी होता.

शेंदराची गोष्ट आणखी निराळी आहे. शेंदूर म्हणजे शिशाची राख. शिसे हवेत तापवून केलेले ते तांबडे भस्म. देवळातल्या दगडाला ते कितीही लावले तरी दगडाचे काही बिघडत नाही. मुलाचे तसे नाही. धड कातडीतून शिसे फारसे आत शिरत नाही हे खरे. पण मूल म्हणजे नुसती कातडी नव्हे. ते ओठ चाटते, बोटे तोंडात घालते, नाटक संपल्यावर रंगलेल्या हातांनीच केळे सोलून खाते. आम्ही बावीसही वानरांनी पडद्यामागे नेमके हेच केले. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा लहान मूल कितीतरी अधिक प्रमाणात शोषून घेते, आणि त्याचा घाला मुख्यतः वाढत्या मेंदूवर पडतो. एका संध्याकाळच्या शेंदराने आमच्यापैकी कोणी मंदबुद्धी झाला असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि माझ्या गणिताला तर दुसरीच कारणे होती. परंतु जपानात असा पुरावा मिळाला आहे, तो विसरता येण्यासारखा नाही. तेथे तान्ह्या मुलांत मेंदूज्वरासारखा एक रोग दिसे. झटके येत, मुले दगावत, आणि कारण कोणास उमगत नसे. १९२३ साली क्योतोच्या विद्यापीठातील बालरोगांचे प्राध्यापक हिराई इकुतारो ह्यांनी दाखवून दिले की, हा ज्वर नसून शिशाची विषबाधा आहे, आणि हे शिसे येते ते आईच्या तोंडावरच्या पांढऱ्या पावडरीतून. आईने स्वतःला सजवावे आणि मुलाने तिच्या कुशीत तोंड खुपसावे, एवढाच त्या मुलांचा अपराध. ह्या पांढऱ्या शिशाने काबुकी नटांना जडणारा विकार त्यापूर्वीच उघड झाला होता. १८८७ साली सम्राटापुढे चाललेल्या प्रयोगात एका विख्यात नटाचे पाय थरथरू लागले आणि देशभर चर्चा झाली. पण नटाचे पाय सर्वांना दिसतात. मुलांकडे लक्ष जायला त्यानंतर छत्तीस वर्षे लागली.

हे सर्व मी मोठ्या अधिकाराने लिहीत आहे असे वाचकांना वाटेल, म्हणून हा अधिकार मला कसा प्राप्त झाला तेही सांगितले पाहिजे. त्यात भूषणावह काही नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात सेवकवर्गाच्या व प्राध्यापकांच्या मुलांसाठी एक आनंदमेळा भरवण्याचे ठरले. सांस्कृतिक समितीचा प्रमुख मी. मुलांच्या गालांवर वाघ, फुलपाखरे, तिरंगा असे काहीतरी काढून द्यावे ही हल्लीची रीत. तेव्हा तसाही एक मांडव असावा असे विद्यार्थ्यांनी सुचवले. तोंडाला लावण्याच्या रंगांची एक पेटी त्यांनी पाहून ठेवली होती. तिची किंमत अठराशे रुपये. दुकानात शेजारीच चित्रकलेच्या ॲक्रिलिक रंगांच्या बाटल्या होत्या. सहा बाटल्यांचे दोनशे साठ रुपये. समितीचा प्रमुख ह्या नात्याने मी बाटली हातात घेतली, चष्मा वर करून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली, आणि त्यांत मला ‘नॉनटॉक्सिक’ हा शब्द सापडला. मग काय! पंधराशे चाळीस रुपये वाचवल्याच्या समाधानात मी घरी आलो.

मेळ्याच्या दिवशी आमच्या महाविद्यालयातील एक शिपाई आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन मांडवाशी उभे होते. ‘सर, ह्यानं काही होत नाही ना?’ त्यांनी विचारले. मी बाटली फिरवून त्यांना ते इंग्रजी अक्षर दाखवले आणि सांगितले, ‘विषारी नाही, असे स्पष्ट लिहिले आहे.’ त्यांना इंग्रजी येत नव्हते. मला येत होते. त्यांनी मुलीला पुढे केले. तिने डोळे मिटले, हनुवटी वर केली, आणि माझ्या विद्यार्थिनीने तिच्या दोन्ही गालांवर केशरी पंखांचे एक मोठे फुलपाखरू काढले.

सोमवारी ते गृहस्थ माझ्या खोलीच्या दाराशी आले. तक्रार करायला नव्हे. ‘अर्धा दिवस रजा पाहिजे होती, सर. पोरीला दवाखान्यात न्यायचंय.’ कशासाठी, असे मी विचारले तेव्हा ते ओशाळल्यासारखे झाले. ‘तसं काही नाही. गालाला जरा उठलंय.’

मी त्यांच्याबरोबर गेलो. मुलीच्या गालांवर फुलपाखराच्या आकाराचीच लाली उमटली होती. पंखांच्या कडेने बारीक फोड होते, आणि मधे कातडी सोलवटली होती. ॲक्रिलिक रंग वाळला की त्याचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा होतो. तो पाण्याने निघत नाही. म्हणून तिच्या आईने साबण लावून जाड पंचाने खसाखसा घासला होता. त्यासरशी रंगाबरोबर लव गेली, कातडी गेली, आणि रंग बाटलीत नासू नये म्हणून त्यात घातलेली द्रव्ये त्या ओल्या जागी बसली. त्वचारोगतज्ज्ञ तरुण होते. मी माझ्या बाजूने बाटलीवरचा तो शब्द सांगून पाहिला. ते हसले नाहीत. ‘साबणही विषारी नाही, सर; डोळ्यांत घालून पाहा,’ एवढेच म्हणाले. चित्रकलेच्या रंगावरचा तो शब्द कागदावर रंगवताना होणाऱ्या वापरासाठी असतो. मुलाने चुकून थोडा गिळला तर काय होईल, ह्याचा त्यात विचार असतो. तो रंग गालावर चार तास वाळत ठेवला तर काय होईल, ह्याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही. मीच त्याच्या तोंडी ते घातले.

ह्या शब्दाच्या व्युत्पत्तीवर मी वर्गात वीस मिनिटे बोलू शकतो. ग्रीक भाषेत ‘तोक्सोन’ म्हणजे धनुष्य. बाणाच्या टोकाला लावायचे ते विष, म्हणून पुढे विषालाच तो शब्द लागला. तीस वर्षे इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला बाणापर्यंतचा इतिहास ठाऊक होता, आणि बाटलीवरचा अर्थ लागला नाही. फोड दहा दिवसांत सुकले. पण आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर दाह ओसरल्यावरही काळा डाग रेंगाळतो. तिच्या गालांवरचा तो आठ महिने राहिला. त्या आठ महिन्यांत तिचे वडील रोज सकाळी माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवून जात असत आणि दोघेही त्या विषयावर बोलत नसू.

नंतर मी हा विषय शिकलो. बाजारात अंगावर लावण्यासाठी म्हणूनच केलेले, पाण्यात कालवायचे वड्यांचे रंग मिळतात. त्यांवर घटकद्रव्ये छापलेली असतात आणि वापराची मुदतही. आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनी शिशाची आणि आर्सेनिकची संयुगे रंगासाठी वापरण्यास मनाई केली आहे. पण मनाई कागदावर असते आणि रंग जत्रेत असतो, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेत २००९ साली एका नागरी संघटनेने मुलांच्या तोंडाचे दहा रंग तपासले, तेव्हा दहाही रंगांत शिसे सापडले. प्रमाण अल्प होते, दशलक्षात एक भागाहूनही कमी; पण वेष्टनावर त्याचा उल्लेख कोठेच नव्हता. त्याच वर्षी तेथेच एका कार्यक्रमात रंगवलेल्या मुलांच्या तोंडावर पुरळ उठले, आग झाली, सूज आली, आणि विक्रेत्याला रंग परत घ्यावे लागले. तपासात संशय शिशावर नव्हे, तर रंगात वाढलेल्या सूक्ष्म जंतूंवर गेला. म्हणजे माझ्या लहानपणीचे ते फडके साता समुद्रापलीकडे कारखान्याच्या डबीत जाऊन बसले होते, असेच म्हणावयाचे.

रंग चांगला असला तरी हात चांगला असेलच असे नाही. कुंचला धुण्याचे पाणी पहिल्या पाच मुलांनंतर गढूळ होते, आणि सहाव्या मुलापासून ते पाणी नसून पाच मुलांचा काढा असतो. स्पंज तर त्याहून वाईट. तो ओला राहतो, उबदार डब्यात मिटून ठेवला जातो, आणि त्यात जंतूंची जोमाने वाढ होते. आता आम्ही एका मुलाला एकच स्पंज वापरतो. मोठ्या स्पंजाचे तुकडे करतो, वापरलेला तुकडा निराळ्या पिशवीत टाकतो, संध्याकाळी सगळे साबणाच्या ऊन पाण्यात धुऊन उन्हात कडक वाळवतो. रंगाच्या वड्याही उघड्या ठेवून कोरड्या झाल्यावाचून झाकण लावीत नाही. पाण्याची भांडी दोन, एक धुण्याचे व एक स्वच्छ. आणि त्या दोहोंवर नजर ठेवायला एक विद्यार्थी नेमलेला. चमकी लावायचीच तर प्रसाधनाची. कागदावर चिकटवायच्या चमकीचे कण धारदार असतात, आणि डोळ्यात गेले तर बुबुळाला ओरखडा पडतो. पापणीच्या काठाला तर आम्ही हातच लावीत नाही. तीन वर्षांखालचे मूल रंगवीत नाही. त्याची कातडी पातळ असते आणि बोटे तोंडात असतात.

सर्वांत अवघड काम रंगाचे नसून नकाराचे आहे. रांगेत अर्धा तास उभे राहिलेल्या, नाक गळणाऱ्या, किंवा ओठाच्या कोपऱ्यावर फोड असलेल्या मुलाला ‘तुला नाही’ कसे म्हणावयाचे? पहिल्या वर्षी मी तसे म्हणालो आणि त्याची आई माझ्यावर अशी संतापली की, तोंड रंगवण्याचा दुसरा अर्थ प्रत्यक्षात येतो की काय असे वाटले. आता अशा मुलाला आम्ही निराळ्या कुंचल्याने मनगटावर नाग काढून देतो. तो शेपटी कोपरापर्यंत नेतो. मागच्या वर्षी धडधाकट मुलेही ‘आम्हालाही नागच पाहिजे’ म्हणून रडू लागली, इतका तो मानाचा झाला.

ह्या साऱ्या व्यवस्थेवर माझ्या एका सहकाऱ्याने एकदा टोमणा मारला. ‘सर, प्रत्येकाचे भांडे वेगळे, फडके वेगळे, शिवाशिव पुन्हा आणता की काय?’ टोमणा वर्मी लागला, कारण ज्या घरात मी वाढलो त्या घरात परसदारी एक निराळा पेला उपडा ठेवलेला असे आणि तो कोणासाठी आहे हे आम्हा मुलांनाही ठाऊक होते. मी त्यावर पुष्कळ विचार केला. सोवळ्याचा नियम माणूस बघून बदलत असे. तेच त्याचे काम होते. स्पंजाचा नियम माणूस बघत नाही. प्राचार्यांच्या नातवाला नवा तुकडा आणि शिपायाच्या मुलीलाही नवाच तुकडा. किंबहुना १९७८ साली मारुतीला कुंचला आणि वानरांना फडके होते, तेथेच खरी शिवाशिव होती. सहकाऱ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘मग माझ्या मुलाला दोन तुकडे द्या.’

तरीही हे सगळे आपल्याच आवारातल्या मुलांपुरते आहे, ही टोचणी राहते. युरोपातील प्रबोधनकाळ शिकवताना मी वासारीच्या चित्रकारचरित्रांतील एक प्रसंग सांगत असे. १५१३ साली फ्लॉरेन्समध्ये मोठी मिरवणूक निघाली. सुवर्णयुग पुन्हा अवतरले हे दाखवण्यासाठी एका रथावर एका उघड्या मुलाला नखशिखान्त सोन्याचा मुलामा देऊन उभे केले. तो एका भटियाऱ्याचा पोरगा. त्याला त्याचे दहा स्कूदी मिळाले, आणि थोड्याच काळात तो मेला. कातडीला श्वास घेता आला नाही म्हणून तो गुदमरला, असे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगितले. तेही चूक होते. माणूस कातडीने श्वास घेत नाही. घामाची वाट बुजली तर अंग तापते, हे खरे. त्या मुलाला नेमके काय झाले ते वासारीने लिहिलेले नाही; रक्कम मात्र लिहून ठेवली आहे.

गेल्या उन्हाळ्यात मुंबईत एका चौकात आमची टॅक्सी थांबली. दुपारचे दोन वाजले होते. खिडकीशी आठनऊ वर्षांचा एक मुलगा आला. डोक्यापासून पायापर्यंत चंदेरी, हातात काठी, डोळ्यांवर काचा नसलेला गोल चष्मा. महात्माजींचा पुतळा झाला होता तो. घामाचे ओघळ त्या रंगातून फुटत नव्हते. रंगाखालीच फुगून राहिले होते. ‘हे कशाने काढतोस?’ मी विचारले. ‘रॉकेल,’ तो म्हणाला, आणि माझ्याकडे असे पाहिले की, ह्या म्हाताऱ्याला एवढेही कसे ठाऊक नाही. मी त्याला पैसे दिले. दिले नसते तर त्याची संध्याकाळ लांबली असती. दिले म्हणून उद्याही त्याला रंगवतील. दिवा हिरवा झाला. स्पंज धुण्याविषयीचे माझे सगळे ज्ञान माझ्याजवळच राहिले.

ह्या वर्षीच्या मेळ्यात ती मुलगी आली. आता ती नऊ वर्षांची आहे. गालावर डागाची खूणही नाही. तिला वाघ पाहिजे होता. मेळ्याच्या दोन दिवस आधी मी तिच्या वडिलांना बोलावून तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला केशरी व काळ्या रंगाचा एकेक ठिपका लावून दिला होता, आणि लाली किंवा खाज आली तर मेळ्यात रंग लावायचा नाही, असे सांगितले होते. लाली आली नाही. तो हात ती दोन दिवस वर्गात सर्वांना दाखवत होती, असे ऐकले.

कुंचला त्या दिवशी मी स्वतः घेतला. चित्रकला मला येत नाही. पण पट्टे ओढायला फार कला लागत नाही. ती समोर बसली. मी सवयीने म्हणालो, ‘डोळे मीट.’ इतर मुले मिटतात. हिने मिटले नाहीत. आधी माझ्या बोटांकडे, मग रंगाच्या पेटीकडे, मग टेबलावरच्या दोन भांड्यांकडे तिने नीट पाहून घेतले.

‘सर, हे पाणी बदला,’ ती म्हणाली.

पाणी नुकतेच भरलेले होते. मी उठलो, ते ओतून दिले आणि दुसरे घेऊन आलो.